मुस्ता तळ्यावरची बासष्ट झाडं

मुस्ता तळ्यावर झाडं लावायचं काम आर्मास सावेलाचं होतं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो पहार खांद्यावर टाकून बर्फावर उतरायचा. दर दहा पावलांवर पहार हाणायचा आणि आवाज ऐकायचा. घट्ट बर्फ खणकन वाजतो. पोकळ बर्फ नुसताच ठप्प करतो. मग मागच्या घसरगाडीतून माणसाच्या उंचीचं एक स्प्रूसचं झाड उचलायचा, गिरमिटाने भोक पाडून त्यात उभं करायचा आणि भोकात पाणी ओतायचा. कॉफी पिऊन होईपर्यंत झाड गोठून पक्कं बसायचं. गावाच्या काठापासून पलीकडच्या काठापर्यंत अशी बासष्ट झाडं. चार किलोमीटर. त्या ओळीने गेलं की माणूस, कुत्रा, बर्फगाडी, सगळं सुखरूप पलीकडे.

झाड उभं तर वाट उभी. गावातली शेंबडी पोरंसुद्धा हे म्हणायची.

दुसरा नियम असा की लावणाऱ्यानेच काढायची. आर्मासच्या बापाने तो घातला होता. त्याआधी तळ्यावर गावातल्या दोघांनी मिळून खुणा लावल्या होत्या. वसंतात त्या काढायच्या कुणी, हे दोघांनी एकमेकांवर सोडलं. लाकडाच्या कंपनीचा घोडा, घसरगाडी आणि गाडीवान त्या खुणांवर विसंबून निघाले आणि मानेपाशी खाली गेले. मान म्हणजे तळ्याचा चिंचोळा भाग. तिथे दोन्ही बाजूंचं पाणी एकमेकांत वाहतं, आणि बर्फ वरून नाही, खालून झिजतो. गाडीवान एकोणीस वर्षांचा होता. बाप म्हणाला, दोघांचं काम ते कुणाचंच नाही. यापुढे एकच माणूस लावेल आणि तोच काढेल. दुसऱ्या कुणी झाडाला हात लावायचा नाही.

बापाने बारा हिवाळे झाडं लावली. मग गुडघे गेले. पहार आणि निळी वही त्याने सत्तावीस वर्षांच्या आर्मासच्या हातात दिली. वहीत दर हिवाळ्याची एक ओळ. लावल्याची तारीख, काढल्याची तारीख, बर्फाची जाडी. पुढे घरच्या भाषेत, फिनिशमध्ये, दोन-चार शब्द. ‘बर्फ चांगला.’ ‘वारा फार.’ ज्या वर्षी बाप गेला त्या वर्षीही आर्मासने तेवढंच लिहिलं, ‘वारा फार.’

बाकी आयुष्य सांगण्यासारखं म्हणाल तर थोडंच आहे. सहा वर्षं जंगलात लाकूडतोड. मग बावीस वर्षं कागदाच्या गिरणीत. गिरणीने उजव्या हाताची दोन बोटं घेतली आणि एका सोमवारी दाराला कुलूप लावलं. कामगारांना ते रेडिओवरून कळलं. सेन्याशी लग्न झालं, ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. एक मुलगी, ती पश्चिमेला लांब. दर ऑक्टोबरात शिकारीत एक मूस, घोड्याएवढं हरीण, तेही परवाना निघाला तर. आणि भाऊ. तैस्तो आठ वर्षांनी धाकटा. खाणीत फुप्फुसं खराब करून घेतलेला, बायको गेल्यापासून तळ्यापलीकडे एकटा राहणारा. रस्त्याने त्याच्याकडे जायला तास लागायचा, बर्फावरून दहा मिनिटं. हिवाळ्यात तो गुरुवारी वाटाण्याच्या सूपला यायचा आणि शनिवारी साउनाला, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीला. आर्मास घरी असो की नसो, सेन्या शनिवारी दोन वाजता साउना पेटवायची आणि तीनला तैस्तोची बर्फगाडी मानेतून बाहेर पडताना ऐकू यायची.

वारसा कायदा गावात आला तो रेआल तिबोबरोबर. रेआल शिकारी-मासेमार क्लबचा चिटणीस. पेट्रोलपंप त्याचा, आमिषाचं दुकानही त्याचंच. तो वर्तमानपत्र घेऊन थेट सेन्याच्या स्वयंपाकघरात शिरला.

“पास झाला,” तो म्हणाला. “हे वाचा. शिकार आणि मासेमारी हा आपला वारसा आहे. कायदा पाळून ती करायचा प्रत्येकाला हक्क आहे. सरकारने लिहून दिलंय.”

तैस्तोने साखरेचा खडा दातात धरून त्यावरून कॉफी ओढली. “म्हणजे आता मला मासा धरायचा हक्क आहे?”

“आहे.”

“मग इतकी वर्षं मी काय करत होतो? चोरी?”

“तुझं काही सांगता येत नाही,” सेन्या म्हणाली. “मे महिन्यात सीझन उघडायच्या आधी माझ्या फ्रीजमध्ये ते दोन पिकरेल मासे कुठून आले होते?”

“ते स्वतःहून आले. वारसा सांगायला.”

“मस्करी पुरे,” रेआल म्हणाला. “मंत्र्याला सल्ला द्यायला नऊ जणांचं मंडळ नेमणार आहेत. वन्यप्राणी, मासे, सीझन, सगळ्यावर. उत्तरेकडून एक माणूस हवाय. क्लबने आर्मासचं नाव पाठवलंय.”

आर्मास चाकूला धार लावत होता. “मला विचारलं नाहीस.”

“विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास.”

“तिकडे हा घालून काय जाणार?” तैस्तो म्हणाला. “एकच कोट आहे याच्याकडे, मयताला जायचा. मंत्र्याला वाटेल, कुणीतरी गेलं.”

पत्र जुलैत आलं. आर्मासने ते घड्याळामागे ठेवलं. सेन्या घरात नसली की तो ते काढून वाचायचा. ‘आपला अनुभव आणि आपला सल्ला.’ अडुसष्ट वर्षांत त्याचा सल्ला कुणी मागितला नव्हता. गिरणी बंद करताना नाही, जंगल विकताना नाही. मुलगी गाव सोडून निघाली तेव्हा तिनेही नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या बैठकीला तो टोरांटोला गेला. बसने वीस तास. मयताचा कोट घालून. तीन दिवसांत तो दोन वाक्यं बोलला. पण तिथे एक गोष्ट त्याच्या कानावर पडली आणि तीच घेऊन तो घरी आला. खात्यातल्या मासेतज्ज्ञ मिस हॅलोरन यांनी मांडलं होतं की उत्तरेच्या तळ्यांवरचा ट्राउट माशाचा हिवाळी सीझन मार्चअखेरऐवजी दहा मार्चला बंद करावा. ट्राउट कमी होतोय, आणि बर्फ आता लवकर सुटतो.

क्लबच्या हॉलमध्ये हे सांगितल्यावर माणसं बोटांवर आठवडे मोजू लागली. मार्चचे शेवटचे दोन-तीन आठवडे म्हणजे गावाचं निम्मं वर्ष. ऊन पडतं, दिवस मोठा होतो, शहरातून माणसं येतात, बर्फावरची मासेमारीची खोपटी भाड्याने जातात, पंपावर रांग लागते.

“पुढच्या बैठकीत तू बोल,” रेआल म्हणाला. “वही घेऊन जा. त्या बाईकडे आलेख असेल, तुझ्याकडे एक्केचाळीस हिवाळे आहेत.”

आर्मासने त्या रात्री वही चाळली. गेल्या सात वर्षांच्या तारखा त्याने बोटाने खाली वाचत नेल्या. अकरा एप्रिल. नऊ. नऊ. सहा. चार. दोन. गेल्या वर्षी एक. त्याने वही मिटली. एप्रिलच्या आधी एकदाही नाही. हे खरंच होतं.

मार्चची बैठक मंगळवारी सुरू झाली. बुधवारी टोरांटोत पाऊस होता. गुरुवारी दुपारी ट्राउटचा विषय निघाला. हॅलोरनबाई तिशीच्या असतील. त्यांनी आलेख दाखवला. रेघ उतरत होती. आर्मास उभा राहिला, वही उघडली आणि तारखा वाचू लागला. वाचताना त्याने बापाच्या वर्षांपासून सुरुवात केली. वीस एप्रिल. चोवीस एप्रिल. अठरा एप्रिल. तीसेक ओळी वाचून झाल्यावर तो थांबला.

“एप्रिलच्या आधी मुस्ता तळ्यावरची झाडं एकदाही काढावी लागलेली नाहीत,” तो म्हणाला. “झाड उभं तर वाट उभी. आमच्याकडे असं म्हणतात.”

टेबलाभोवतीचे लोक हसले, चांगलं हसले. कुणीतरी टाळी वाजवली.

“मिस्टर सावेला, मी वही बघू शकते का?” हॅलोरनबाईंनी विचारलं.

“फिनिशमध्ये आहे,” आर्मास म्हणाला.

पुन्हा हशा झाला. बाईंनी हात मागे घेतला. अध्यक्ष हसत म्हणाले, “वारसा म्हणतात तो हाच. उद्या सकाळी मंत्री स्वतः येताहेत. तुम्ही उद्यापर्यंत थांबा आणि हेच त्यांना सांगा. शब्द न बदलता.”

संध्याकाळी त्याने हॉटेलातून घरी फोन केला. एक दिवस उशीर होतोय, शनिवारी दुपारी पोचेन. गुरुवार होता. तैस्तो सूपला आलेला होता. त्याने सेन्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

“काय रे मोठ्या माणसा? मंत्र्याने पाट मांडला की नाही?”

“उद्या.”

“इथे काल दिवसभर पाऊस. बर्फावर घोट्याइतकं पाणी साठलंय. मानेपाशी पहार मारली. आठ इंच आहे, पण वरचं तीन इंच भुसभुशीत. आज आलो मी त्यावरूनच. ती मानेतली सात झाडं काढू का?”

आर्मासने पडदा सरकवला. खिडकीखाली मोटारी चालल्या होत्या.

“ऐकतोयस का?”

“आठ इंच गाडीला पुरतो.”

“पुरतो म्हणून तर आलो. पण पुढचं कोण सांगणार? झाडं तुझी, म्हणून विचारतोय.”

तेरा मार्च. आज एक झाड निघालं, तर वहीत तेरा मार्च लिहावं लागेल. आणि उद्या सकाळी तो मंत्र्यासमोर जे वाक्य बोलणार होता ते खोटं ठरेल. शनिवारी निघालं, तर बोलताना तरी ते खरं असेल. दोन दिवसांचा तर प्रश्न होता.

“राहू दे,” आर्मास म्हणाला.

“नक्की?”

“राहू दे म्हटलं ना. रात्री गोठेल. शनिवारी मी येऊन बघतो.”

“बरं बाबा. टोरांटोतून तुला इथला बर्फ दिसतो. डोळे सुधारले तुझे.” मग पलीकडे आवाज बदलला, तैस्तो सेन्याशी बोलत होता. “राहू दे म्हणतोय. वाढ अजून सूप.”

रात्री खरंच गोठलं. शुक्रवारी बर्फ भुरभुरला, बोटभर. वरून सगळं पांढरं आणि सपाट झालं.

शुक्रवारी सकाळी आर्मासने ते वाक्य म्हटलं. शब्द न बदलता. मंत्री मान हलवत ऐकत होते. नंतर त्यांनी हात पुढे केला, त्याच्या तीन बोटांच्या हाताकडे पाहिलं आणि दुसऱ्या हाताने तो झाकून दाबला. सीझन आहे तसाच राहील, ते म्हणाले. अशी माणसं मंडळावर असावीत, असंही म्हणाले. हॅलोरनबाई कागद गोळा करत होत्या.

बसस्टँडजवळ त्याने सेन्यासाठी चॉकलेटचा डबा घेतला. तैस्तोसाठी टोपी घेतली. तैस्तो ज्या हॉकी संघाला जन्मभर शिव्या देत आला होता, नेमकी त्याच संघाची. निळी. बसमध्ये तो ती दोनदा पिशवीतून काढून बघून हसला. शेजारच्या बाईलाही दाखवली.

शनिवारी साडेचारला बस गावाच्या फाट्यावर थांबली. सेन्या आलेली नव्हती. रेआलचा ट्रक उभा होता, इंजिन चालू. रेआल खाली उतरला नाही.

“जिंकलो,” दार उघडत आर्मास म्हणाला. “एकतीस मार्च. तसाच ठेवला.”

रेआल पुढे बघत होता.

“सेन्या कुठाय?”

“काठावर आहे. बस, आर्मास.”

“काय झालं?”

“आधी बस.”

तो बसला. पिशवी मांडीवर. रेआलने गिअर टाकला आणि पुन्हा काढला.

“सव्वातीनला सेन्याचा फोन आला. गाडीचा आवाज मानेपर्यंत ऐकू आला, म्हणाली. मग आला नाही.”

“बंद पडली असेल. प्लग ओला होतो तिचा.”

“आम्ही गेलो होतो. भोक आहे.”

“केवढं?”

“गाडीएवढं. थोडं मोठं. तीन झाडंही गेली.”

काठावर पोलिसांच्या दोन गाड्या होत्या आणि गावातली माणसं लांब लांब उभी होती. साउनाच्या धुराड्यातून धूर येत होता. सेन्या कोट न घालता उभी होती. तिच्या हातात घडी घातलेला टॉवेल होता. आर्मासला पाहून ती म्हणाली, “साउना तापलाय.” मग तिने टॉवेलकडे पाहिलं.

आर्मासने घसरगाडी ओढली, शेडमधून पहार आणली आणि मयताच्या कोटातच बर्फावर उतरला. पोलीस ओरडला. रेआलने पोलिसाचा दंड धरला. “जाऊ दे त्याला. मानेपर्यंत जाऊ दे. दोर बांधा.” आर्मासच्या कमरेला दोर बांधला. दोराचं टोक सहा जणांनी धरलं आणि ते मागून चालू लागले. झाडाला हात लावायला कुणी पुढे आलं नाही. तसा नियमच होता.

पहिलं झाड त्याने पहारीने मुळाशी फोडून काढलं. मग दुसरं. तिसरं. प्रत्येक झाड घसरगाडीवर आडवं ठेवत गेला. सत्तावीस झाडं. अठ्ठाविसाव्यापाशी पहारीचा आवाज बदलला आणि दोर मागून ताठ झाला. तिथून पुढे मान दिसत होती. काळं पाणी दिसत होतं. त्याच्या काठाला एक स्प्रूस आडवं पडलेलं, शेंडा पाण्यात.

पलीकडची झाडं त्या बाजूने काढायला हवी होती. रेआलने त्याला ट्रकने तळ्याला वळसा घालून नेलं. तासाभराचा रस्ता. तैस्तोच्या अंगणात ट्रक थांबला तेव्हा अंधार पडला होता; ट्रकच्या दिव्यांत दार दिसत होतं. दाराला कुलूप नव्हतं. टेबलावर कॉफीचा कप पालथा घातलेला. कुत्रा दाराशी बसला होता. आणि दाराच्या चौकटीला टेकून तैस्तोची पहार उभी होती.

आर्मास तिच्यासमोर थांबला.

मार्चमध्ये पहार घेतल्याशिवाय या तळ्यावर कुणी उतरत नाही. दहा वर्षांचं पोरगंही नाही. तैस्तो गुरुवारी घेऊनच गेला होता. शनिवारी त्याने ती दाराला टेकवली आणि तसाच निघाला. गरज नव्हती. भावाला विचारून झालं होतं. झाडं उभी होती.

“चल,” रेआल म्हणाला. “बॅटरी मी धरतो.”

आर्मासने ती पहार उचलली. उरलेली झाडं त्याने तिनेच काढली.

पाणबुड्यांना तैस्तो मंगळवारी सापडला. मयताला आर्मासने तोच कोट घातला. कोटाच्या खालच्या काठाला बर्फाच्या पाण्याची पांढरी रेघ राहिली होती, ती सेन्याने घासूनही गेली नाही. चर्चमध्ये पाद्रीने तळ्याबद्दल बोलताना वारसा हा शब्द वापरला. आर्मासने मान खाली घातली.

पुढच्या आठवड्यात सरकारी पत्र आलं. सीझन एकतीस मार्चपर्यंत. खाली मंत्र्याची सही, आणि सहीखाली पेनाने लिहिलेलं, ‘आपल्या वहीबद्दल खास आभार.’ मुस्ता तळ्यावर त्या वर्षी मग कुणीच उतरलं नाही. सीझन उघडा होता आणि तळं रिकामं होतं.

रेआल एप्रिलमध्ये आला. टोपी काढून बसला. सेन्याने कॉफी ठेवली आणि ती मागच्या खोलीत गेली.

“वहीत लिहिलंस का?”

“नाही अजून.”

“हे बघ. जे झालं ते झालं. अपघात होता. आतापर्यंत काठाचा बर्फ सुटला नव्हता. दहा एप्रिलला सुटला, मी पाहिलंय. दहा एप्रिल लिहिलंस तरी खोटं होणार नाही.”

“झाडं मी पंधरा मार्चला काढली.”

“जूनमध्ये पुन्हा बैठक आहे. ती बाई वही मागणार. पंधरा मार्च दिसलं की पुढचा हिवाळा गेला म्हणून समज. माझा पंप राहू दे बाजूला. कार्लोचं खोपटं, मार्टाची खानावळ. लोक तुझ्याकडे बघताहेत, आर्मास.”

“तैस्तोही बघत होता.”

रेआलने टोपी घातली. कॉफी तशीच राहिली.

त्या संध्याकाळी आर्मासने सेन्याला सांगितलं. ती भांडी विसळत होती.

“त्या गुरुवारी मी राहू दे का म्हटलं, ते तू विचारलं नाहीस.”

“नाही.”

“दुसऱ्या दिवशी मंत्र्यापुढे बोलायचं होतं. एप्रिलच्या आधी कधीच नाही, असं. म्हणून.”

सेन्याने नळ बंद केला. पाठमोरीच उभी राहिली. “मला वाटलं होतं तुला खरंच बर्फाचं कळतंय,” ती म्हणाली. “मला इतके दिवस वाटत होतं, की तुझा अंदाज चुकला.”

तिने हात पुसले आणि ती झोपायला गेली. तेव्हापासून शनिवारी तिने साउना पेटवला नाही. एकोणसाठ झाडं काठावर रचून पडली होती. दरवर्षी ती जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या होळीत जळायची, गाव सगळं जमायचं, तैस्तो सॉसेज भाजायचा. यंदा कुणी विषय काढला नाही. झाडं तांबडी पडत गेली आणि त्यांची सुयांसारखी पानं गळून खाली थर साठला. निळी टोपी पिशवीतच होती. पिशवी कुठे ठेवावी हे दोघांनाही कळत नव्हतं.

जूनच्या बैठकीला तो गेला. अध्यक्ष उठून त्याच्यापाशी आले, त्याचा हात हातात घेतला. सगळ्यांना कळलं होतं. एक मिनिट उभं राहून झालं. मग अध्यक्ष म्हणाले, “मिस्टर सावेला, आज तुम्ही काही बोलायलाच हवं असं नाही.”

“बोलायचंय,” आर्मास म्हणाला.

तो उठला नाही. वही त्याने टेबलावरून पुढे सरकवली, टेबलाच्या त्या टोकाला, हॅलोरनबाईंच्या समोर.

“मागच्या वेळी तुम्ही मागितली होती.”

बाईंनी वहीकडे पाहिलं, हात लावला नाही. “ती फिनिशमध्ये आहे म्हणालात.”

“आकडे आहेत. आकडे तुम्हाला वाचता येतील.”

त्यांनी वही उघडली. सुरुवातीची पानं भराभर उलटली, मग हळू. शेवटच्या पानावर त्यांचं बोट तारखांवरून खाली उतरत गेलं, जसं एकदा त्याचं गेलं होतं. अकरा. नऊ. नऊ. सहा. चार. दोन. एक. खोलीत पंख्याचा आवाज होता.

“या शेवटच्या ओळी तुम्ही मार्चमध्ये वाचल्या नाहीत,” त्या म्हणाल्या. रागाने म्हणाल्या नाहीत.

“नाही.”

“का?”

“गावाने पाठवलं होतं. आणि तुम्ही सगळे ऐकत होता.” आर्मासने तीन बोटांचा हात टेबलावर ठेवला. “मंत्री यायच्या आदल्या संध्याकाळी भावाने फोनवर विचारलं होतं, झाडं काढू का. मी नाही म्हणालो. काढली असती तर दुसऱ्या दिवशी मला ते वाक्य बोलता आलं नसतं.”

अध्यक्षांनी घसा साफ केला. “मिस्टर सावेला, हे इतिवृत्तात घ्यायलाच हवं असं नाही. आम्ही समजू शकतो.”

“घ्या,” आर्मास म्हणाला. “सल्ला मागितला होतात ना. तो हा.”

लिहून घेणारी मुलगी अध्यक्षांकडे पाहत राहिली. मग तिने लिहायला सुरुवात केली.

हॅलोरनबाईंचं बोट अजून शेवटच्या ओळीवर होतं. पंधरा मार्च. बर्फाच्या जाडीची जागा कोरी होती. पुढे एकच शब्द होता, दाबून लिहिलेला, कागद मागून उठला होता.

“इथे काय लिहिलंय?” त्यांनी विचारलं. “बर्फाबद्दल आहे का?”

“नाही,” आर्मास म्हणाला. “त्याचं नाव आहे.”